दादांसमोर इंग्रजी

इंग्रजीत वेळेबद्दल जेवढं बोलतात, तेवढं वेळेवर कुणी काही करत असेल यावर माझा विश्वास नाही. निदान पनवेलच्या आमच्या क्लासात तरी तसं काही पाहायला मिळालं नाही. पालकांची बॅच दुपारी तीनची. आम्ही बायका घरची भांडी उरकून, पोरं सासूच्या पदरात टाकून धापा टाकत पोचायचो आणि सर उगवायचे ते चहाबिहा पिऊन, अर्धा तास उलटल्यावर. वर येऊन फळ्यावर पहिलं वाक्य काय लिहायचे, तर ‘ऑलवेज बी ऑन टाइम’. लिहून झालं की आमच्याकडे अशा काही नजरेनं बघायचे की जणू उशीर आम्हीच केला होता.

क्लास एसटी स्टँडसमोरच्या गल्लीत, एका फरसाणवाल्याच्या डोक्यावर. खाली दिवसभर कढई, वर आमचं इंग्रजी. पनवेलच्या त्या चिकचिकीतही सर अंगात कोट घालायचे, आणि बगलेत ओल्या झालेल्या कोटातून हात उंचावून आम्हाला ‘माय डिअर लर्नर्स’ म्हणायचे. केस काळेभोर रंगवलेले, कल्ले मात्र विसरलेले. हा माणूस कुठे शिकला होता, काय शिकला होता, कुणालाच ठाऊक नव्हतं आणि विचारायची कुणाची छातीही नव्हती, कारण आम्हाला त्याच्याहूनही कमी येत होतं. आमच्या भागात तेव्हा अशा क्लासांचं पीक आलं होतं, दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत. जमिनी गेल्या, पैसे आले, पैशामागून टाइल्स आल्या, गाड्या आल्या, आणि शेवटी सगळ्यांच्या लक्षात आलं की तोंडातून अजून ‘नाय’ आणि ‘हाय’च निघतंय.

मी तिथे गेले ती मुलीसाठी. मुलगी वयाचं तिसरं वर्ष संपवून चौथ्यात गेली होती आणि खारघरला एक नवीन इंग्रजी शाळा निघाली होती. भलीमोठी, काचा लावलेली, दारात वॉचमनला टोपी. त्या शाळेत लहान गटाला प्रवेश हवा तर मुलाखत द्यायची. ती पोराची नव्हे, आईबापाची. पोराला म्हणे लाल रंग दाखवायला सांगतात, बाकी सगळं इंग्रजीतून आईबापाला विचारतात. मला त्या शाळेचा तेव्हाही राग आला होता. शिकवणार तुम्ही, फी घेणार तुम्ही, मग आम्हाला आधीच का यायला हवं? आम्हाला येत असतं तर तुमच्या दारात कशाला आलो असतो? पण राग गिळला आणि क्लासात नाव घातलं.

कारण मला माझं पहिलं वर्ष आठवत होतं. बारावीला मराठी माध्यमातून मला चांगले मार्क होते. कॉलेजात गेले आणि सगळं इंग्रजीत. वर्षभर मागच्या बाकावर बसले, एकदाही तोंड उघडलं नाही. प्राध्यापकांनी नाव घेतलं की मी वहीत डोकं घालायची. वर्षाच्या शेवटी वडील म्हणाले, हिचं शिक्षणात मन नाही, आणि स्थळ बघितलं. मन होतं. तोंड नव्हतं. माझ्या मुलीचं असं व्हायला नको होतं, बस्स, एवढंच. बाकी ते टाय आणि बूट आणि ‘गुड मॉर्निंग मॅम’ गेलं खड्ड्यात.

लग्न करून मी आले ती उरण रस्त्याच्या अंगाला असलेल्या एका गावात. पूर्वी मिठागरं आणि भातशेती, मी आले तेव्हा सगळीकडे भराव. घरात सत्ता थोरल्या दिरांची. सगळे त्यांना दादा म्हणायचे. मी काहीच म्हणत नसे, कारण आमच्याकडे धाकटी सून थोरल्या दिराशी बोलत नाही. अजिबात नाही. दादा ओटीवर आले की मी आत. जेवायला बसले की मी भाकरी जावेच्या हातात देणार, जाऊ त्यांच्या ताटात. त्यांना माझ्याकडून काही हवं असलं तर ते माझ्या नवऱ्याला सांगणार, ‘तिला सांग, माजा सदरा इस्त्रीला दे.’ मी तिथेच, हातभर अंतरावर उभी. आणि माझा नवराही खरोखर वळून मला सांगणार, ‘दादांचा सदरा इस्त्रीला दे.’ पहिल्यांदा मला हसू आलं होतं. नंतर हसू आटलं.

या गोष्टीला लोक मान म्हणतात. मी तिला काय म्हणते ते लिहिण्यासारखं नाही.

दादा जमिनीच्या व्यवहारात मुरलेले. बिल्डर येणार, दलाल येणार, चहा होणार, आणि दादा गळ्यातली चेन चाळवत दोन शब्द बोलणार. त्यांची एक रीत होती आणि ती ते सगळ्यांना अभिमानानं सांगायचे: ‘पैल्यांदा आकडा कमी बोलायचा. समोरचा आपोआप वर येतंय.’ प्लॉट असो, मातीचा टिपर असो, लग्नातला मंडप असो, हीच रीत. त्यांचे दोन मुलगे दुसऱ्या एका इंग्रजी शाळेत पिवळ्या बसनं जायचे, टाय लावून. माझ्या मुलीचा विषय निघाला तेव्हा मात्र नवऱ्याला म्हणाले, ‘पोरीला कशाला? गावची शाला काय वाईट हाय?’ गावची शाळा वाईट नव्हतीच. पण मग तुमच्या पोरांना ती का चालली नाही, हे विचारायला घरात कुणाला तोंड होतं? मला तर मुळीच नव्हतं. पुढे त्यांच्या चुलतभावाच्या नातीला खारघरच्या शाळेत प्रवेश मिळाल्याची बातमी आली, आणि रात्रीतून दादांचं मत बदललं. भावकीत नाक खाली जायला नको ना! मुलीच्या शिक्षणाचा निर्णय झाला तो असा.

क्लासात सरांचा एक सिद्धांत होता. म्हणायचे, मुलाखतीत शाळावाले फिरून फिरून वेळेबद्दलच विचारतात. मुलाला किती वेळ देता, अभ्यास कधी घेता, सोडायला वेळेवर याल का. तेव्हा वेळेचे वाक्प्रचार पाठ करा, बाकी इंग्रजीची गरज नाही. झालं. ‘फ्रॉम टाइम टू टाइम’, ‘अराउंड द क्लॉक’, ‘फॉर द टाइम बीइंग’, ‘इट इज हाय टाइम’. फळ्यावर लिहायचे आणि आम्ही एका सुरात ओरडायचो, पाढे म्हणावेत तसे. अर्थ विचारला की सर ठोकून द्यायचे. ‘वन्स इन अ ब्लू मून’ला म्हणाले, वर्षातून एकदा, कोजागिरीला, चंद्र निळा दिसतो, त्यावरून आलंय. आमच्यात करंजा बंदरावरची एक कोळीण होती, नातवासाठी यायची, सुनेला माशांच्या लिलावातून सवड नव्हती म्हणून. ती म्हणाली, ‘सर, आमची सगली जिंदगी चंद्राकरं बगन्यात गेली. निला कदी नाय पायला.’ सगळा वर्ग फिदीफिदी हसला. सर म्हणाले, ‘इंग्लंडात दिसतो.’ आणि पुढच्या वाक्याकडे वळले.

मुलाखतीसाठी त्यांनी एक रामबाण वाक्य दिलं होतं: ‘आय स्पेंड क्वालिटी टाइम विथ माय चाइल्ड, डे इन अँड डे आउट.’ हे सगळ्यांनी घोकायचं. मी विचारलं, सर, आम्ही बऱ्याच जणी त्याच शाळेत जाणार आहोत, सगळ्यांनी हेच म्हटलं तर? त्यांनी कोटाची बाही झटकली. ‘डोन्ट वरी. प्रिन्सिपल इज अ बिझी वुमन.’ म्हणजे बिझी बाईला ऐकू येत नाही. धन्य तो माणूस! मी घरी आल्यावर दिराच्या मुलाची डिक्शनरी काढून एकेक वाक्प्रचार तपासत बसायची. निम्मे चुकीचे सांगितलेले. तरी मी क्लास सोडला नाही, कारण चुकीचं का होईना, तिथे मोठ्यानं बोलता यायचं. पनवेलमध्ये तरी माझ्यासाठी तशी दुसरी जागा नव्हती.

नवरा सुरुवातीला चार दिवस आला. भरावाच्या टिपरच्या धंद्यातला माणूस, दिवसभर ड्रायव्हरांवर ओरडणारा; पण क्लासात त्याचा आवाज चिमणीएवढा व्हायचा. पाचव्या दिवशी म्हणाला, ‘माजं नाय जमत. तू शिक, मला एक वाक्य सांग.’ मी त्याला रामबाण वाक्य दिलं. बिचारा टिपरमध्ये बसून घोकायचा.

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी दादांनी जाहीर केलं की तेही येणार. शाळेच्या पत्रात ‘आईवडील दोघे, मुलासह’ असं स्पष्ट लिहिलं होतं. नवऱ्यानं ते चाचरत सांगितलं. दादा म्हणाले, ‘घरचा बोलना मोठ्या मानसाना करायचा का बारक्याना?’ विषय संपला. मी आत उभी राहून ऐकलं. एवढे महिने मी जे शिकले ते बोलायचं कुणासमोर? तर ज्याच्यासमोर मी बोलतच नाही त्याच्यासमोर. म्हणजे त्या खोलीत आई मुकी, बाप एका वाक्याचा, आणि बोलणार कोण, तर ज्याला इंग्रजी येत नाही तो. रात्रभर मला नवऱ्याचा, दादांचा, सरांचा, त्या काचेच्या शाळेचा, सगळ्यांचा संताप येत होता.

सकाळी दादा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, बोटात अंगठ्या, गाडीत पुढे बसले. शाळेत वॉचमननं अडवलं, फक्त आईवडील म्हणून. दादांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ‘मी मोठा भाव,’ म्हणाले आणि चालू लागले. बाहेर व्हरांड्यात आमच्या बॅचमधल्या दोघी बसल्या होत्या. आत आधी गेलेलं जोडपं बाहेर आलं, ते आमच्याच क्लासचं. नवरा बायकोला म्हणत होता, ‘हसली का गं ती?’ तेव्हाच मला कळलं, सरांचा रामबाण आमच्या आधी आत पोचलाय.

प्रिन्सिपल मॅडम खादीच्या साडीतल्या, साखळीला लावलेला चष्मा. तीन मोठी माणसं बघून त्यांच्या भुवया वर गेल्या, पण त्यांनी खुर्ची मागवली. दादा मधे बसले. नवरा एका बाजूला. मी दुसऱ्या बाजूला, मुलीला मांडीवर घेऊन, मान खाली. मॅडमनी नवऱ्याला विचारलं, मुलीबरोबर वेळ कसा घालवता? नवऱ्यानं घसा साफ केला आणि सुटला: ‘आय स्पेंड क्वालिटी टाइम विथ माय चाइल्ड, डे इन अँड डे आउट.’

मॅडमनी चष्मा काढला. ‘वंडरफुल,’ म्हणाल्या. ‘सकाळपासून प्रत्येक बाप डे इन अँड डे आउट मुलांबरोबरच आहे. मग तुमच्या गावात कामं कोण करतं?’ हे मराठीत. नवऱ्याचे कान लाल झाले. मला त्याची कीव आली आणि त्याहून जास्त चीड आली, सरांचीसुद्धा आणि त्या बाईचीसुद्धा. उत्तर मागणाऱ्या तुम्हीच. मग लोक विकतचं आणणार नाहीत तर काय?

पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. म्हणाल्या, तुमच्या भागातून मुली येतात, आणि दोन-चार वर्षांनी भावाची फी भरायची म्हणून त्यांना काढून गावच्या शाळेत घालतात. मागच्या वर्षी असंच झालं. आमची जागा वाया जाते, आणि मुलीचं तर सगळंच वाया जातं. ‘सो टेल मी. हाऊ लाँग? किती वर्षं ठेवणार हिला?’

प्रश्न वेळेचाच होता. सरांचा सिद्धांत आयुष्यात एकदा खरा ठरला. पण तो प्रश्न माझ्यापर्यंत पोचायच्या आधी दादांनी खुर्चीत रेलून चेन चाळवली, आणि मला लगेच कळलं काय होणार ते. दादा सौद्याला बसले होते. समोर बाई असो, बिल्डर असो, त्यांना एकच रीत ठाऊक.

‘आता चौथीपरयंत धरा,’ दादा म्हणाले. ‘मंग बगू.’

आणि वाट बघत बसले, मॅडम आपोआप वर येतील म्हणून.

मॅडम कुठेही आल्या नाहीत. त्यांनी पेनाला टोपण लावलं. समोरचा कागद उचलून बाजूच्या ढिगावर ठेवला, पालथा. ‘थँक यू,’ म्हणाल्या. दादा अजून हसत होते. त्यांच्या मते बोलणी आत्ताच सुरू झाली होती! नवरा जमिनीकडे बघत होता. माझ्या मांडीवर मुलगी मॅडमच्या टेबलावरच्या लाल ठोकळ्याकडे बघत होती, त्याबद्दल तिला कुणी विचारलंच नव्हतं. मला एकदम कॉलेजातला मागचा बाक दिसला, आणि त्यावर ती बसलेली दिसली.

‘नो, मॅडम,’ मी म्हणाले.

माझाच आवाज मला परका वाटला. दादांची मान गर्रकन वळली. त्यांनी माझा आवाज याआधी भिंतीपलीकडून ऐकला असेल तेवढाच. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बसले असते गप्प. तोंडात येईल ते बोलत सुटले. ‘नॉट फॉर द टाइम बीइंग. नॉट फोर्थ. शी विल स्टडी हिअर. फुल टेन्थ. आफ्टर टेन्थ, कॉलेज. इट इज हाय टाइम, मॅडम. आय डिड नॉट गो. शी विल गो.’ व्याकरणाची पार वाट लागली होती. सरांनी ऐकलं असतं तर त्यांनी पाठ थोपटली असती, म्हणजे बघा किती चुकीचं असेल.

मॅडमनी चष्मा परत लावला. ‘हे क्लासवाले बोलतायत की तुम्ही?’

‘मी, मॅडम. मी तिची आई आहे.’

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग तो पालथा कागद ढिगातून काढून सरळ केला, त्यावर काहीतरी लिहिलं आणि मुलीला विचारलं, ‘व्हिच वन इज रेड?’ मुलीनं ठोकळा दाखवला नाही, सरळ उचलूनच घेतला.

पुढच्या आठवड्यात यादीत नाव लागलं. ते कळल्याबरोबर सरांनी मुलीचा फोटो मागवून क्लासच्या बोर्डावर लावला, ‘आमच्या यशस्वी पालकांचा पाल्य’ म्हणून. करा म्हटलं, काय हवं ते करा. पण मला सांगायचं आहे ते त्या दिवशी गाडीजवळ झालेलं.

शाळेच्या आवारातून आम्ही गाडीपर्यंत आलो. मनातून मी खूश होते. थोडी नव्हे, चांगलीच. दिरासमोर बोलले, त्याच्या तोंडावर त्याचा शब्द मोडला, आणि त्याला कळलंही नाही. इंग्रजीचा याहून चांगला उपयोग तोवर मला कुणी शिकवला नव्हता. दादांनी गाडीचं दार धरलं आणि नवऱ्याला विचारलं, ‘ती काय बोलली?’

नेहमीसारखंच. मी तिथेच, हातभर अंतरावर.

नवरा माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘पोरगी हुशार हाय, असा बोलली.’ कळलं तर त्यालाही नव्हतं, पण भांडण टाळायचं त्याला बरोबर कळायचं.

‘आनि कॉलेजचा काय बोलली?’

माझ्या अंगातून सगळी खुशी उतरली. अगं बाई, कॉलेज! टेन्थ! हे शब्द कळायला कुणाला क्लास लागतो? हे तर गावातलं शेंबडं पोरही बोलतं. मी ज्या इंग्रजीमागे लपून एवढी शूर झाले होते, त्यात लपायला जागाच नव्हती. त्यांनी आत सगळं ऐकलं होतं, आणि मॅडमसमोर ते गप्प बसले होते. का, ते मला आजही माहीत नाही. चारचौघांत घरच्या सुनेला गप्प करणं त्यांना कमीपणाचं वाटलं असेल. चांगुलपणा असेल असं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

नवरा गाडीची किल्ली चाळवायला लागला. तो आता काय जुळवतोय याची वाट बघायचा मला कंटाळा आला. मी मुलीला खाली उतरवलं आणि दादांकडे बघितलं. सरळ, तोंडाकडे.

‘मी बोलले, पोरगी दहावीपर्यंत इथेच शिकणार. मग कॉलेजला जाणार. चौथीचं धरू नका, असं बोलले.’

मराठीत. त्यांच्यासमोर, त्यांना. नवरा ‘ए’ असं काहीतरी पुटपुटला.  दादा रागावले असते तर बरं झालं असतं, रागाची मी तयारी केली होती. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं. आणि जन्मात पहिल्यांदा, मधे माझा नवरा न घालता, त्यांनी मला विचारलं:

‘मंग हा तू घरान का नाय बोललीस?’

खरंच विचारत होते. त्यांना खरंच माहीत नव्हतं! इतकी वर्षं ज्याच्या चाहुलीसरशी मी आत पळत होते, तो माणूस मला विचारत होता की तू बोलली का नाहीस. मला हसू फुटलं, आणि हसता हसताच डोळ्यांत पाणी आलं, त्याचाही मला राग आला.

‘घरी तुम्ही असता,’ मी म्हणाले.

दादांनी गाडीचं दार उघडलं. मग पुढे बसायचं सोडून मागे फिरले, आणि मुलीला उचलून आत ठेवलं. नवऱ्याला म्हणाले, ‘चल, काड गारी.’ 

मुलगी त्याच शाळेत चौथी पास झाली, पाचवीची पुस्तकं आली. शाळा सोडल्याच्या दाखल्याचं नाव घरात कुणी काढलं नाही.